असीरगडाच्या वाटेवरील सूर्यफूल-कुल : सारखेपणा आणि भेद



असीरगडाचे नाव निघाले की इतिहासप्रेमी माणूस सावरून बसतो. बऱ्हाणपूरहून खांडव्याकडे जाताना सुमारे २० किलोमीटरवर सातपुड्याच्या ओळीत हा गड उभा आहे. नर्मदेच्या खोऱ्यातून तापीच्या खोऱ्यात उतरणारी वाट त्याच्या नजरेखालून जाते, म्हणूनच त्याला दक्षिणेचा दरवाजा म्हणत आले आहेत. फारुकी सुलतानांचा हा बळकट आधार अकबराने १६०१ मध्ये दीर्घ वेढ्यानंतर घेतला. १८१९ मध्ये शिंद्यांचे किल्लेदार यशवंतराव लाड यांनी इंग्रजी तोफांना तोंड देत तो काही काळ झुंजवला. अश्वत्थाम्याची कथा तर सर्वश्रुत आहे. भाळावरची न भरणारी जखम घेऊन तो अजून या गडावर फिरतो आणि पहाटे गुप्तेश्वर महादेवाच्या पिंडीवर ताजे फूल वाहून जातो, अशी लोकांची श्रद्धा आहे.

या व्याख्यानाचा विषय मात्र तटबुरुजांचा नाही. गडाच्या पायथ्याशी, वाटेच्या दोन्ही कडांना, पावसाळा ओसरल्यावर जी पिवळी, जांभळी आणि पांढरी बारीक फुले दिसतात, त्यांचा आहे. येणारा-जाणारा त्या सर्वांना मिळून ‘रानफुले’ म्हणतो आणि पुढे जातो. त्यांतील बरीचशी एकाच कुळातील आहेत. शेवंती, झेंडू, करडई, कारळे आणि सूर्यफूल ही या कुळातील ओळखीची मंडळी. जगभर या कुळाच्या २५,००० हून अधिक जाती मानल्या जातात. इतक्या मोठ्या गोतावळ्यात चेहरे सारखे असणारच. प्रश्न असा की सारख्या चेहऱ्यांची माणसे जशी आवाजावरून आणि चालीवरून वेगळी ओळखता येतात, तशी ही फुले कशावरून ओळखावीत. आणि ती ओळखली नाहीत तर बिघडते काय?

प्रथम रचना पाहू. सूर्यफूल ज्याला आपण म्हणतो ते एक फूल नव्हे. शेकडो फुलांचा तो मेळावा आहे. एका चपट्या बैठकीवर बारीक फुले दाटीने बसलेली असतात, आणि या मेळाव्याला शास्त्रीय मराठीत ‘स्तबक’ म्हणतात. कडेची जी पाकळीसारखी दिसतात ती किरण-पुष्पके आणि मधल्या तबकडीतली नळीसारखी ती बिंब-पुष्पके. स्तबकाला खालून हिरव्या छदांचा पेला आधार देतो. काही जातींत किरण आणि बिंब दोन्ही असतात, काहींत केवळ नळ्या असतात, तर काहींत सगळीच पुष्पके पट्टीसारखी असतात. प्रत्येक पुष्पकाचे एकेक कोरडे फळ होते आणि त्याच्या माथ्यावर बहुधा केसांचा झुपका असतो. लहान मुले उडणाऱ्या झुपक्याला ‘म्हातारी’ म्हणतात. रुईच्या म्हातारीत उडते ते बी. या कुळातल्या म्हातारीत उडते ते अख्खे फळ.

फुलाचा रंग येथे फारसा कामाचा नाही, हे ध्यानात घ्यावे लागते. रंग सर्वांत आधी डोळ्यांत भरतो आणि सर्वांत जास्त फसवतो. ओळखीच्या खुणा तीन ठिकाणी असतात. देठ मोडला असता दुधासारखा चीक येतो की नाही, ही पहिली. स्तबक उलटे करून पाहिले असता छद एका ओळीत आहेत की कौलांसारखे अनेक थरांत, ही दुसरी. आणि फळाच्या माथ्यावर काय आहे, केस, खवले, काटे की काहीच नाही, ही तिसरी. पहिली खूण झाड हाती येताच दिसते. दुसरीसाठी फूल उलटे करावे लागते. तिसरीसाठी मात्र फूल सुकेपर्यंत थांबून त्याच झाडापाशी पुन्हा यावे लागते.

या बारीक अवयवांकडे प्रथम पद्धतशीर पाहणारा अभ्यासक आँरी कासिनी हा फ्रेंच गृहस्थ. पॅरिसच्या वेधशाळेवर पिढ्यान् पिढ्या अधिकार गाजविणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांच्या घराण्यात तो १७८१ मध्ये जन्मला. पूर्वजांनी आकाशातले तारे पाहिले, त्याने ताऱ्यांच्या आकाराची फुले पाहिली. कुक्षीवृंताची टोके, पुंकेसरांचे बूड, फळावरचे केस यांच्या आधारे त्याने या अफाट कुळाचे गट पाडले. १८३२ च्या पटकीच्या साथीत तो गेला. त्याने दाखविलेल्या खुणा मात्र आजही उपयोगी पडतात, आणि त्यांतल्या पुष्कळशा साध्या भिंगाने दिसतात.

आता वाटेवरच्या फुलांकडे वळू. जांभळ्या रंगाची तीन बारकी झाडे या भागात वारंवार भेटतात : सहदेवी, सदामंडी आणि घाणेरा ओसाडी. तिघांनाही किरण नाहीत, तिघांची स्तबके लहान आहेत, आणि वरून पाहणाऱ्याला तिन्ही एकच वाटावीत अशी आहेत. ओसाडी सर्वांत आधी वेगळी पडते. तिची पाने समोरासमोर असतात, चुरगळली की उग्र वास येतो, आणि तिच्या काळ्या फळावर केसांऐवजी पाच टोकदार खवले असतात. सहदेवी आणि सदामंडी या दोघींची पाने एकाआड एक, दोघींच्या फळांवर पांढरे केस. येथे फूल उलटे करावे. सहदेवीचे छद अनेक थरांत, लहानमोठे, एकावर एक बसलेले दिसतात. सदामंडीचे छद एकाच ओळीत, सारख्या उंचीचे आणि कडांनी चिकटलेले असतात, त्यामुळे स्तबक छोट्या हिरव्या नळकांड्यासारखे दिसते. शिवाय सदामंडीची वरची पाने खोडाला मिठी मारून बसतात. सहदेवीची तशी बसत नाहीत.

हा भेद केवळ अभ्यासकाच्या हौसेचा नाही. सहदेवी ही तापावर देण्याची पिढीजात वनस्पती आहे आणि तिचा काढा आजही घरोघर केला जातो. सदामंडीत पायरोलिझिडीन वर्गातील अल्कलॉइडे आढळली आहेत. ही द्रव्ये यकृताला इजा करतात, आणि ती इजा एका दिवसात कळून येत नाही, साचत जाते. ओसाडीतही त्याच वर्गातील द्रव्ये आहेत. जांभळे फूल एवढ्याच खुणेवर ज्याने मुळासकट झुडूप उपटून आणले, त्याने नेमके काय आणले हे त्याला ठाऊक नसते, आणि काढा पिणाऱ्यालाही नसते. वाळवून पुडीत बांधलेल्या मालात पानांचा चुरा झालेला असतो. मात्र स्तबकांचे छद बहुधा शाबूत राहतात. ते एका ओळीत आहेत की थराथरांत, एवढे पाहिले तरी सहदेवी आणि सदामंडी यांची गफलत टळू शकते.

माक्याची गोष्ट थोडी निराळी आहे. माक्याचे तेल माहीत नसलेले मराठी घर विरळा. ओढ्याकाठी, पाणथळ जागी वाढणाऱ्या या झाडाची पाने समोरासमोर आणि खरखरीत असतात. पांढऱ्या बारीक किरणांचे स्तबक लहानशा देठावर येते. देठ मोडून बोटांत चोळला तर रस थोड्याच वेळात काळसर होतो. फळाला म्हातारी नसते. भाताच्या खाचरांत आणि तळ्यांच्या कडेला उगवणारी दुसरी एक वनस्पतीही काही ठिकाणी माका म्हणूनच ओळखली जाते. तिची पाने एकाआड एक असतात, स्तबके बिनदेठाची, पानांच्या बगलेत घट्ट बसलेली, आणि त्यांना किरण मुळीच नसतात. तिसरा आहे पिवळा माका. अलीकडे बागांतून आणि रस्त्यांच्या दुभाजकांवर ‘वेडेलिया’ नावाने जी पिवळ्या फुलांची, जमिनीवर पसरणारी वेल लावतात, तिला पुष्कळजण पिवळा माका समजतात. ती मूळची अमेरिकेकडची, पिवळ्या माक्याची जवळची नातेवाईक आहे, पण ती वेगळी जात आहे. तिच्या पानांना बहुधा तीन खंड असतात. औषधातल्या पिवळ्या माक्याचे पान अखंड, लांबट असते. नात्यातली असली तरी एकीचे गुण दुसरीत गृहीत धरता येत नाहीत.

पिवळ्या फुलांत ही फसवणूक अधिकच होते. देठ मोडून पाहावा. पांढरा चीक आला आणि सगळी पुष्पके पट्टीसारखी असली, तर ती पाथरीच्या किंवा म्हाताऱ्याच्या घरची. पाथरी जमिनीला धरून चक्रासारखी पसरते, पानांच्या कडांना बारीक पांढरे दात असतात, आणि तिची भाजी मराठी मुलखात आवडीने खातात. म्हातारा ताठ उभा वाढतो, त्याचे खोड पोकळ असते आणि पानांचे बूड खोडाला कानांसारखे वेढते. चीक आला नाही आणि किरण व बिंब दोन्ही पिवळे असले, तर सोनकडीचा विचार करावा. कासच्या पठारावर सप्टेंबर-ऑक्टोबरात सोनकीची पिवळी चादर पाहून आलेला प्रवासी सोनकडीलाही सोनकीच म्हणतो. नावातही एकाच अक्षराचे अंतर! परंतु सोनकीचे मुख्य छद एका ओळीत, सारख्या उंचीचे असतात आणि त्यांच्या बुडाशी दोन-चार चिमुकले छद चिकटलेले असतात. सोनकडीचे छद अरुंद आणि अनेक थरांत असतात. वर एकसारखे पिवळे सोने दिसत असले तरी खालची घडण सांगते की या दोघी कुळाच्या दोन निराळ्या शाखांतल्या आहेत.

हिवाळा लागला की गडाच्या परिसरातील कोरड्या माळांवर काटेरी मंडळींचे राज्य सुरू होते. उटकटारीचा निळसर-पांढरा काटेरी चेंडू दुरूनही ओळखू येतो. हिंदीत तिला ऊँटकटारा म्हणतात, कारण उंट ती काट्यांसकट खातो. तिच्या चेंडूत प्रत्येक पुष्पकाला स्वतःचा छदांचा पेला असतो. म्हणजे एकेका फुलाची अनेक स्तबके मिळून तो गोल झालेला असतो. कापणी झालेल्या खाचरांत आणि आटलेल्या तळ्यांच्या तळाशी गोरखमुंडीचा जांभळट गोल दिसतो. तोही अनेक स्तबकांचाच मेळावा. मात्र त्याला काटे नसतात, खोडाला पानांचे पंख फुटलेले असतात आणि झाडाला सुवास असतो. गोरखपंथी जोग्याच्या मुंडलेल्या डोक्यावरून हे नाव पडले असावे, असे शब्द पाहताच वाटते.

ब्रह्मदंडीच्या बाबतीत घोटाळा फुलापेक्षा नावात अधिक आहे. मराठी मुलखात ब्रह्मदंडी म्हणजे याच कुळातील, जांभळ्या स्तबकांची, केसांसारख्या बारीक टोकांचे छद असलेली एक ताठ वनस्पती. दक्षिणेकडे मात्र हेच नाव पिवळ्या धोत्र्याला दिले जाते. पिवळा धोत्रा अफूच्या कुळातला. त्याच्या देठातून पिवळा चीक येतो आणि त्याचे बी मोहरीत मिसळले गेले तर तेल विषारी होते. दिल्लीत १९९८ मध्ये अशा भेसळीच्या तेलाने जलोदरासारख्या सुजेची साथ पसरली आणि त्यात अनेकांचे प्राण गेले. दोन प्रांतांत एकच नाव दोन झाडांना असेल तर केवळ नाव सांगून औषध मागविणे धोक्याचे ठरते. देठ मोडण्याची साधी परीक्षा येथेही पुरेशी आहे.

आता एकदांडी. दगडी पाला आणि कंबरमोडी ही तिचीच नावे. झाड जमिनीवर लोळते आणि त्यातून एकच उंच दांडा वर येऊन त्याच्या टोकावर एकच स्तबक धरतो. फिकट पिवळे चार-पाच रुंद किरण, प्रत्येकाच्या टोकाला तीन दात. शेतात विळा लागला की तिचा पाला चोळून जखमेवर दाबण्याची रीत सर्वत्र आहे. जखम न भरलेल्या अश्वत्थाम्याच्या गडावर ही वनस्पती पावलोपावली उगवावी, हा योगायोग मनोरंजक खरा. परंतु महाभारताच्या काळी ती येथे असणे शक्य नाही. ती मूळची अमेरिकेची. लिनियसने १७५३ मध्ये तिला शास्त्रीय नाव दिले ते मेक्सिकोकडून आलेल्या नमुन्यावरून. ओसाडीही अमेरिकेचीच. म्हणजे जी आपल्याला पिढीजात वाटतात त्यांतली कित्येक मंडळी पाहुणी म्हणून आली आणि घरची झाली. मराठी माणसाने त्यांना स्वतःची नावे दिली, आणि ती नावे पाहून दिली. ‘एकदांडी’ या शब्दात वनस्पतिशास्त्राचे अर्धे वर्णन आले आहे.

सगळेच पाहुणे असे गुणी निघाले नाहीत. गाजर गवत पुण्याजवळ १९५५ च्या सुमारास अभ्यासकांच्या नजरेस आले आणि पाहता पाहता देशभर पसरले. असीरगडाच्या परिसरातील पडीक जमिनीही त्यातून सुटल्या नाहीत. कोवळेपणी त्याची पाने गाजराची किंवा शेवंतीची वाटतात, आणि फसगत तेथेच होते. फुलल्यावर पांढऱ्या बारीक स्तबकाच्या कडेला पाच चिमुकले किरण दिसतात, ते पाहून त्याला ‘चटकचांदणी’ असे नावही मिळाले. त्याच्या फळाला उडणारे केस नाहीत. ते पाण्याबरोबर, चिखलाबरोबर आणि वाहनांच्या चाकांबरोबर प्रवास करते. त्वचेला खाज आणि पुरळ, दम्याचा त्रास ही त्याची देणगी. ते उपटायचे ते फुलण्यापूर्वी, हातमोजे घालून. म्हणजे ज्या वेळी ओळखणे सर्वांत अवघड, त्याच वेळी ओळखणे सर्वांत आवश्यक असते. मध्य प्रदेशातच, जबलपूर येथे, तणांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था असून तिच्या पुढाकाराने दरवर्षी ऑगस्टमध्ये या गवताविषयी जागृती सप्ताह पाळला जातो.

या गवतावर उपाय म्हणून १९८४ मध्ये बंगळूर भागात मेक्सिकोहून आणलेला एक भुंगेरा सोडण्यात आला. तो गाजर गवताचीच पाने खातो, असा विश्वास होता. काही वर्षांतच तो सूर्यफुलाच्या पिकावर दिसल्याच्या तक्रारी आल्या आणि मोठा वाद उभा राहिला. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पुढील अभ्यासात असे दिसून आले की सूर्यफुलाच्या पानांवर गाजर गवताचे परागकण पडलेले असले म्हणजे भुंगेरा ती पाने कुरतडतो. वास ओळखीचा असला तरी पान परक्याचे होते. अखेर त्याला उपयुक्त कीटक म्हणूनच मान्यता राहिली. या कुळातील नाती किती निकटची आहेत आणि बाह्य खुणेवर विसंबण्याचा परिणाम काय होतो, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

शास्त्रज्ञांचेही मत एकदा बसले की कायम राहते असे नाही. सहदेवीला लिनियसने १७५३ मध्ये कोनायझा या प्रजातीत घातले, लेसिंगने १८२९ मध्ये ती व्हर्नोनियात नेली, आणि १९९० मध्ये रॉबिन्सनने तिला सायॅन्थिलियम हे घर दिले. झाड तेच, पत्ता तिसरा. ग्रंथालयातील पुस्तक नव्या वर्गीकरणाने एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जावे, तसेच हे आहे. वाचकाला जुना क्रमांक ठाऊक असला की तो रिकाम्या फळीसमोर उभा राहतो. म्हणून जुन्या पुस्तकातील नावे टाकाऊ ठरत नाहीत. ती नव्या नावांशी जोडून ठेवावी लागतात. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. त्यात शास्त्रीय नावांबरोबर देशी नावेही नोंदविलेली आहेत, आणि शतकानंतरही अभ्यासकाला तो उघडावा लागतो. परंतु तो इलाख्याच्या सीमेपाशी थांबतो. खानदेश त्यात आला. असीरगड त्या वेळी मध्य प्रांताच्या निमाड जिल्ह्यात असल्याने सीमेबाहेर राहिला. वनस्पतींना ही सीमा नव्हती, आणि त्यांना नावे देणाऱ्या लोकांनाही नव्हती. बऱ्हाणपूरच्या बाजारात मराठी, निमाडी, खानदेशी, हिंदी आणि उर्दू अशा अनेक बोली एकाच पुडीला निरनिराळ्या नावांनी हाक मारतात. त्या नावांचा मेळ घालणारी नोंद झाडपाला जाणणाऱ्या वृद्धांच्या तोंडी आहे. एक माणूस गेला की तिचे एक पान कमी होते.

हे काम ग्रंथालयाच्या आवाक्यातले आहे. जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत फुलासह, आणि शक्य तेथे फळासह, एक फांदी पसरावी. वर वजन ठेवून कागद रोज बदलावा. आठ-दहा दिवसांत ती वाळते. मग जाड कागदावर शिवून खाली चार गोष्टी लिहाव्यात : कोठे मिळाली, कोणत्या तारखेला, तेथील लोक तिला काय म्हणतात, आणि चीक, छद व फळावरचे केस कसे होते. मुबलक असेल तेच तोडावे. एकटे-दुकटे झाड दिसले तर त्याचे चित्र काढून घ्यावे. अशी शंभर पाने जमली तरी सहदेवीच्या नावाने सदामंडी आणणाऱ्याला ताडून पाहण्यासाठी एक आधार मिळेल. ग्रंथालयाने शंभर वर्षे छापील पाने सांभाळली. त्याच्या एका कपाटात एक खण या वाळलेल्या पानांसाठी राखून ठेवावा, आणि येत्या कार्तिकात असीरगडाच्या वाटेवर निघणाऱ्या सभासदांनी पिशवीत एक भिंग आणि जुनी वर्तमानपत्रे घ्यावीत, इतकीच विनंती या प्रसंगी करावीशी वाटते.